शनिवारची तार

डोरीन,

मंगळवार, सकाळी नऊ पन्नास, टोरोंटोची वेळ; सस्काटूनला आठ पन्नास. तुम्हाला निरोपावर आधी वेळ लिहिलेली लागायची, म्हणून आधी वेळ. तुमच्या लेकीचा, लिंडाचा, फोन माझ्या ऑफिसातल्या टेबलावर वाजला. मी तो सहसा उचलत नाही. मेसेज ऐकून, काय बोलायचं ते ठरवून मग उलट फोन करते, हे तुम्हाला माहीत होतं. त्या दिवशी उचलला, कारण नंबर सस्काटूनचा होता.

लिंडा म्हणाली, "आई गेली. सव्वाआठला, हॉस्पिटलमध्ये. झोपेतच होती. तिने कागदावर लिहून ठेवलंय की केतकीला त्याच तासात कळवायचं, फ्युनरल होमच्याही आधी. मी त्यांना अजून फोन केलेला नाही."

"त्याच तासात?"

"खाली दोन रेघा मारल्यात तिने."

मी बरं म्हणाले. मग थँक यू म्हणाले, जे अशा वेळी बहुधा म्हणत नाहीत.

"अजून एक नाव आहे," लिंडा म्हणाली. "आयव्ही. इंग्लंडचा पत्ता आहे, फोन नंबर नाही. पुढे लिहिलंय, 'केतकीला माहीत आहे.' कोण ही? आईच्या तोंडून मी हे नाव कधी ऐकलेलं नाही."

मी म्हणाले, "मी बघते."

हे सगळं इंग्रजीत लिहायला हवं होतं, तुम्हाला वाचता आलं असतं असं. पण इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही चुका काढायला पेन्सिल घेऊन बसला असतात. शिवाय मराठीत लिहायला मला बेबीआत्याने शिकवलं. शाळा इंग्लिश मीडियमची, मराठी आठवड्यातून तीन तास, तेही नावाला. आत्या नसती तर मी आज दुकानाची पाटीसुद्धा अडखळत वाचली असती. तुमची गोष्ट तिच्या गोष्टीशिवाय सांगता येत नाही, म्हणून मराठीत.

सस्काटूनला शिकायला आले आणि तुमच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायला लागले ती सप्टेंबरात. तुम्ही ब्याऐंशी वर्षांच्या, मी तेवीस. पहिल्याच संध्याकाळी मी वरणभाताचा कुकर लावला. पहिली शिट्टी झाली आणि तुम्ही जिन्यात येऊन उभ्या राहिलात, एक हात भिंतीला टेकवून.

"हा आवाज बंद होतो का?"

"अजून दोन शिट्ट्या, मिसेस हॅलिवेल. सॉरी."

"मागच्या वेळी असा भोंगा वाजला तेव्हा जिन्याखालच्या कपाटात बसावं लागायचं, आणि शेजारची बाई आपलं मांजर घेऊन यायची." मग कुकरकडे बघून, "त्यात शिजतंय काय?"

मी वाटी दिली. तुम्ही उभ्यानेच खाल्लंत आणि म्हणालात की पिवळं ते बरं आहे, फक्त त्यात काही नाही. दुसऱ्या दिवसापासून कुकर लावायच्या आधी मी जिन्यातून ओरडून सांगायला लागले. तुमच्या घरात मी मोठ्याने बोलायचे ते तेवढंच.

महायुद्धाबद्दल तुम्ही फार बोलायचा नाहीत, पण ते तुमच्या घरात सगळीकडे होतं. साबणाचे उरलेले तुकडे दाबून केलेला ठिगळांचा साबण. दोऱ्यांचा गुंडा. शिळा पाव फेकणं म्हणजे गुन्हा. आत्या नाशिकला दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायची, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदा तिच्याबद्दल विचारलंत. "लग्न नाही केलं तिने?" नाही, म्हटलं. पाटबंधारे खात्यात टायपिस्ट होती, आमच्याच घरी राहते, बाबांची थोरली बहीण. "शहाणी दिसते," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडे बघून, "तू मात्र तेवढी शहाणी होऊ नकोस, लव्ह. तुझ्या वयापर्यंत माझा एक साखरपुडा मोडून झाला होता." लव्ह तुम्ही बसच्या ड्रायव्हरलाही म्हणायचात, तरी मला त्याची सवय व्हायला वर्ष गेलं. मिसेस हॅलिवेलवरून डोरीनवर यायलाही तेवढंच.

माझा मोबाइल प्रीपेड होता आणि लॅबमध्ये तो बंद असायचा, म्हणून घरच्यांना तुमचा नंबर दिला होता. निरोप घ्यायची तुमची पद्धत होती. छोटी चिठ्ठी, वर वार, मग मिनिटासकट वेळ, मग कोणाकडून, मग मजकूर. मी नसले की चिठ्ठी बेसमेंटच्या जिन्यातल्या दोरीला, कपड्याच्या चिमट्यात. मी असले की स्वतः आणून द्यायचात आणि दारात उभ्या राहायचात.

"काही उत्तर?"

पहिल्यांदा मला कळलंच नाही. आईने विचारलं होतं, थंडी कशी आहे. मी म्हणाले, थंडी आहे. तुम्ही ते लिहून घेतलंत.

मग कधीतरी सांगितलंत. इंग्लंडच्या उत्तरेकडचं गिरण्यांचं गाव. पुरुष गेलेले, तारा वाटणारी पोरंही गेलेली, म्हणून पोस्टाने मुलींना सायकली दिल्या. तुम्ही एकोणीस वर्षांच्या. नियम असा की तार द्यायची, "काही उत्तर?" विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत दारात उभं राहायचं. वाईट बातमीची तार असेल तर मात्र थांबायचं नाही. पाकीट बंद असायचं, पण पोस्टमास्तरीणबाई ज्या तारेच्या वेळी तुमच्याकडे न बघता हात पुढे करायच्या, ती तसली, हे तुम्हाला दोन आठवड्यांत कळलं. बायकांनाही तुमची सायकल कळायला लागली. गल्लीत वळलात की पडदे हलायचे. एक बाई दारातूनच ओरडायची, "माझी नाही ना?" म्हणून तुम्ही आपली एक पद्धत काढलीत. वाढदिवसाची, बाळ झाल्याची, सुट्टीवर येतोय अशी तार असली की शीळ घालत जायचं. म्हणजे लांबूनच कळावं.

आमच्याकडेही तार आली म्हटलं की उघडायच्या आधीच रडायला सुरुवात व्हायची, असं आत्या सांगायची, हे मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मग तुमच्या पोस्टमनने शीळ शिकायला हवी होती."

तुमच्या लग्नाची गोष्टही तेव्हाच ऐकली. रॉय कॅनडाच्या हवाई दलात, गावाजवळच्या तळावर. गिरणीच्या कँटीनमध्ये शनिवारी नाच असायचा, तिथे जमलं. युद्ध संपल्यावर तुम्ही बोटीने आणि मग चार दिवस आगगाडीने त्याच्या मागे इथे आलात. "सगळे म्हणायचे, पोरी देशासाठी राबतायत," तुम्ही म्हणालात. "राबत होतो. पण मी बहुतेक वेळा शनिवारसाठी राबत होते."

आयव्हीचं नाव तेव्हा तुम्ही घेतलं नाहीत.

आता तो फेब्रुवारी. सोमवारी दुपारी माझा थिसिस डिफेन्स होता, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा. त्याआधीच्या गुरुवारी मी सकाळी सातलाच लॅबला गेले होते. शुक्रवारी तुम्ही माझ्या दारापासून फुटपाथपर्यंतचा बर्फ स्वतः शोव्हल केलात, जे काम आपल्या करारात माझं होतं. संध्याकाळी राइस पुडिंग आणून दिलंत. मी म्हणाले, एवढं कशाला? तुम्ही म्हणालात, तांदूळ उरले होते. तुमच्याकडे तांदूळ कधीच नसायचे. शनिवारी सकाळी तुम्ही वर स्वयंपाकघरात शीळ घालत होतात. दीड वर्षात मी ती ऐकली नव्हती. छान घालायचात.

हे सगळं मला दिसलं, ऐकू आलं. मी काही विचारलं नाही.

शनिवारी मी नेहमीसारखा घरी फोन केला. आई बोलली, बाबा बोलले. आत्याला द्या म्हटलं तर बाबा म्हणाले, "आत्या देवळात गेलीय." बेबीआत्या आणि देऊळ. चतुर्थीला आई देवळात जायची तेव्हा आत्या वाचनालयात जायची, आणि येताना आईसाठी फुलं आणायची, तेवढाच तिचा देवधर्म. मी फोन ठेवून वर आले आणि तुम्हाला म्हणाले, "माझी आत्या देवळात गेलीय म्हणे. ती कधी जात नाही." तुम्ही ओट्याकडे तोंड करून उभ्या होतात. म्हणालात, "म्हातारपणी माणसं बदलतात." मी बरं म्हणाले.

रविवारी मी बाबांच्या ईमेलवर आत्यासाठी पत्र लिहिलं. 'आत्याला वाचून दाखवा' असं वर लिहिलं. मातीतल्या क्षारांवर मी दीड वर्ष काय केलं ते तिला कळेल असं, सोप्या मराठीत, देवनागरीत टाइप करून. तास लागला. तासाभरात बाबांचं उत्तर आलं, 'वाचून दाखवलं. खूश झाली.'

सोमवारी डिफेन्स झाला. चांगला झाला. घरी आले तर तुम्ही माझ्या दारात. हातात चिठ्ठी. दिलीत आणि उभ्या राहिलात.

'गुरुवार, सकाळी ८:१०. वडिलांकडून. आत्या आज गेली. सोमवारपर्यंत सांगू नये.'

मी ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना वेळेवर थांबले. तुम्ही ती चिठ्ठी तेव्हाच, गुरुवारीच, आठ दहाला लिहिली होती, सवयीने, आणि चहाच्या डब्यात ठेवली होती. चिठ्ठीला चहाचा वास होता. दुसऱ्या कोणी ती सोमवारी तोंडी सांगितली असती आणि गुरुवार गाळला असता. मी मान वर केली तेव्हा तुमचे ओठ हलले. आवाज आला नाही. काय विचारणार होतात ते मला कळलं आणि तुम्ही ते विचारलं नाहीत. मी दार लावून घेतलं.

बाबांशी फोनवर बोलले. ते म्हणाले, "तुझ्या परीक्षेसाठीच ना, बेटा. आणि तिनेच सांगून ठेवलं होतं, केतूला कळवू नका." तिने खरंच सांगितलं होतं का, ते मला अजून माहीत नाही. आमच्याकडे परदेशातल्या मुलांना असंच सांगतात. सांगणारे कोणी वाईट नसतात. बाबा चार दिवस ऑफिसातून येऊन, तेराव्याची यादी करता करता, माझ्याशी आत्याच्या वतीने बोलत होते. हे आज लिहिता येतंय. त्या दिवशी मी म्हणाले, "ईमेल कोणाला वाचून दाखवलात, बाबा?"

तुमच्याशी मी आठवडाभर बोलले नाही. मागच्या दाराने यायचे, मागच्या दाराने जायचे. मग एका दुपारी तुम्ही जिन्यातून हाक मारलीत. वर आले तर तुम्ही बटाटे सोलत होतात.

"बस," तुम्ही म्हणालात. मी बसले.

"तुझ्या वडिलांना मी नाही म्हणायला हवं होतं. फार नम्रपणे विचारलं त्यांनी. पण मला यातला अनुभव आहे, मला कळायला हवं होतं."

मग आयव्ही. तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, तुमच्याच गल्लीत राहणारी, गिरणीत माग चालवणारी. मागांच्या आवाजात तिथल्या बायका ओठांवरून बोलणं वाचायच्या, आणि चर्चमध्ये पाद्र्याच्या प्रवचनात तुम्ही दोघी तसंच बोलायचात. तिचं स्टॅनशी लग्न झालं होतं, तो नौदलात. अकरा महिन्यांच्या लग्नात एकूण एकोणीस दिवस एकत्र. तो बोटीवर रुजू झाल्यापासून आयव्ही कुठे जायची नाही. पण गायची फार चांगली, आणि तुम्ही मागे लागून तिला कँटीनच्या बँडबरोबर गायला तयार केलंत. महिनाभर तिने गाणं बसवलं. त्या शनिवारी ती गाणार होती.

त्या शनिवारी दुपारी बाराच्या आत पोस्टमास्तरीणबाईंनी तुमच्याकडे न बघता हात पुढे केला. पाकिटावर आयव्हीचं नाव होतं.

"मी ती खिशात ठेवली," तुम्ही म्हणालात. "संध्याकाळी ती गायली. लोकांनी दोनदा परत गायला लावलं. रविवारी तिने स्टॅनला पत्र लिहिलं, काय गायली, कोणता झगा घातला, सगळं. पोस्टात टाकायला माझ्याच हातात दिलं. मी टाकलं."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी सकाळी दारात तार दिली. तिने उघडली, वाचली. आणि मी विचारलं, काही उत्तर?"

तुम्ही सोलणं थांबवलं नव्हतं.

"सवयीने, लव्ह. तोंडातून गेलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग परत तारेकडे. तारेवर वेळ असते. शनिवार, अकरा चाळीस. ती वेळ तिने बोटाने मला दाखवली आणि दार लावलं. त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. मी दर ख्रिसमसला कार्ड पाठवते. उत्तर येत नाही. परतही येत नाही."

मी विचारलं, "का ठेवलीत?"

"सगळ्यांना सांगितलं, आयव्हीसाठी. तिला एक शनिवार मिळावा म्हणून. रॉयलाही तेच सांगितलं. छप्पन्न वर्षं त्याला तेवढंच माहीत होतं, आणि तो म्हणायचा, तुझं मन मोठं आहे, डोरीन."

"आणि खरं?"

"खरं हे की तार दिली असती तर मला तिच्याजवळ बसावं लागलं असतं. रॉयची सुट्टी रविवारी संपत होती. त्याने सांगितलं होतं, शनिवारी ये, काहीतरी विचारायचंय. मला जायचं होतं. मी माझ्यासाठी ठेवली." बटाटा पाण्यात टाकलात. "आणि दुपारी तिच्या घरावरून सायकलने जाताना मी शीळ घातली. ती खिडकीत होती. तिने हात केला."

ही गोष्ट तुम्ही कोणाला सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, लिंडाला नाही. मला सांगितलीत, माफी म्हणून. दुसऱ्या कुठल्या प्रकारे माफी मागायची, ते तुम्हाला येत नव्हतं.

मी म्हणाले, "मग आयव्हीने बरोबर केलं."

तुम्ही मान हलवलीत. "हो. मलाही तसंच वाटतं." मग विचारलंत, "तुला बटाटे तीन की चार?"

मी तीन म्हणाले.

त्यानंतर मी चौदा महिने तुमच्या घरात राहिले. आपण काही भांडलेलो नव्हतो. तुम्ही मला विंटर टायर्स कुठून घ्यायचे ते सांगितलंत, मी तुम्हाला पिठलं खायला लावलं, तेही पिवळंच. शीळ तुम्ही परत घातली नाहीत. चिठ्ठ्या येत राहिल्या, दोरीवर. स्वतः आणून देणं बंद झालं. 'काही उत्तर?' हे मी त्यानंतर तुमच्या तोंडून ऐकलं नाही. मला ते पहिल्याच आठवड्यात जाणवलं. नेहमीप्रमाणे मी काही बोलले नाही.

मग नोकरी लागली आणि टोरोंटोत, स्कारबरोला, आले. रविवारी फोन करायचे. सस्काटूनला उणे किती, टोरोंटोला उणे किती. तुम्ही विचारायचात, कोणी भेटला का. मी म्हणायचे, ऑफिसात खूप जण भेटतात. तुम्ही म्हणायचात, शहाणी. दर वेळी फोन ठेवताना मला वाटायचं, आज सॉरी म्हणावं. वाक्यही तयार असायचं. एकदा लिहून समोर ठेवलं होतं. मग तुम्ही हवामानावर आलात, आणि मी पण.

आयव्हीने बरोबर केलं, असं मी का म्हणाले, ते मला तेव्हाही माहीत होतं. मला बाबांना बोलायचं होतं आणि ते नाशिकला होते. मला स्वतःला बोलायचं होतं, कारण देवळाचं ऐकूनही मी गप्प बसले. समोर तुम्ही होतात, आणि तुम्ही स्वतःच हातात सुरी दिली होतीत. त्यावर वाद घालायचा राहिला तो असा. तुम्ही एकदा म्हणाला होतात की बातमी ज्याच्या नावाची त्याची, आणि आयव्हीच्या पाकिटावर तुमचं नाव नव्हतं. मला ते पटतं. पण त्या चार दिवसांत मी आत्याला जे पत्र लिहिलं, तसं मी तिला आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. गुरुवारी कळलं असतं तर ते लिहिलं गेलं नसतं. ते खोट्या पत्त्यावर गेलं, तरी ते माझ्याकडे आहे. याचं काय करायचं ते मला कळत नाही. तुमच्याशी बोलता आलं असतं. तुम्ही काही पटवून दिलं नसतंत, फक्त म्हणाला असतात, "राहू दे ते, चहा घे," आणि कालचीच टी-बॅग परत बुडवली असतीत.

तर मंगळवार.

लिंडाने पत्ता वाचून दाखवला. मी तो इंटरनेटवरच्या डिरेक्टरीत टाकला आणि सात मिनिटांत नंबर मिळाला. एवढी वर्षं तुम्ही तो शोधला नव्हतात, किंवा शोधून कुठेतरी ठेवला होतात. मी ऑफिसच्या जिन्यात गेले, तिथे कोणी येत नाही. कॉलिंग कार्डाचा पिन दोनदा चुकला. मी पिझ्झासुद्धा फोनवर मागवत नाही, डोरीन. कार्ड पाठवावं, असं मनात आलं. उद्या करावा, तिकडे संध्याकाळ होत आली असेल, म्हातारं माणूस, असं करत पाऊण तास गेला. मग त्या दोन रेघा आठवल्या. ती कारणं मी कोणासाठी शोधत होते, ते मला नीट कळत होतं.

फोन चौथ्या रिंगला उचलला गेला. बारीक पण स्पष्ट आवाज.

"मी कॅनडातून बोलतेय," मी म्हणाले. "माझं नाव केतकी. मी डोरीनच्या घरी भाड्याने राहायचे."

पलीकडे रेडिओ चालू होता, तो बंद झाला.

"गेली?"

"हो. आज सकाळी, सव्वाआठला, तिथल्या. म्हणजे तुमच्या सव्वादोनला. झोपेत."

"थांब," ती म्हणाली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "चारला दहा कमी आहेत. आज?"

"आज."

"दीड तास," आयव्ही म्हणाली.

मी पुढचं काही ठरवलं नव्हतं. म्हणाले, त्यांनी लिहून ठेवलं होतं की लगेच कळवायचं. आयव्ही म्हणाली, "तशी ती लिहील." मग म्हणाली, "मी त्या शनिवारी गायले होते, ते सांगितलं का तिने तुला?"

"हो. लोकांनी दोनदा परत गायला लावलं."

"तीनदा," आयव्ही म्हणाली. "तिने दोनदा सांगितलं? ती दुसऱ्या खेपेनंतर तिच्या कॅनडियनबरोबर बाहेर गेली होती. तिला कुठून कळणार." आवाजात राग नव्हता. चूक दुरुस्त करतात तसं म्हणाली. "मी त्यानंतर गायले नाही. पण तीनदा होतं ते."

मला गप्प बसता येतं, तिलाही येत होतं. कार्डावरची मिनिटं जात होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी तोंड उघडलं, आणि त्यातून जे आलं ते मी योजलेलं नव्हतं. तुमच्या घरात अडीच वर्षं राहिल्याचा परिणाम.

"काही उत्तर?" मी म्हणाले.

त्या बाईला हे दोन शब्द कोणी, कुठे, केव्हा विचारले होते, ते जगात आता फक्त तिला आणि मला माहीत होतं. मी सॉरी म्हणायला लागले.

"गप," आयव्ही म्हणाली. "विचार करू दे."

"तेव्हा काही सुचलं नव्हतं," ती म्हणाली. "लिहायला आहे का काही?"

माझ्याकडे कॉलिंग कार्डाचं पाकीट होतं आणि पेन होतं. आहे म्हटलं.

"लिही. 'सगळी कार्डं मिळाली. आयव्ही.' बस. एवढंच. वेळ घाल वर, ती बघेल."

मी वेळ घातली.

शुक्रवारी मी विमानाने सस्काटूनला आले. शनिवारी तुमचं सगळं झालं. त्याआधी लिंडाने ते पाकीट तुमच्या निळ्या कार्डिगनच्या खिशात ठेवलं. तिने मला काही विचारलं नाही, मग मीच सांगितलं, सगळं, रॉयसकट. ती म्हणाली, "बाबांना माहीत असणार. ते आईला नेहमी म्हणायचे, शनिवारी तू फार घाईत होतीस." मला माहीत नाही हे खरं आहे की आईसाठी केलेली सोय. मी वाद घातला नाही.

आज रविवार. मी तुमच्या बेसमेंटमध्ये बसून हे लिहितेय. वर लिंडा कपाटं आवरते आहे. जिन्यातली दोरी तशीच आहे, चिमटा पण. जाताना त्यावर एक चिठ्ठी लावणार आहे. तीन वर्षं उशीर झालाय, आणि वेळ मी खरी घातली आहे.

'रविवार, दुपारी ३:२०. केतकीकडून. आयव्हीने बरोबर केलं की नाही, ते आयव्हीचं. ते मी म्हणायला नको होतं. तुम्ही दारात उभ्या होतात आणि मी दार लावून घेतलं. सॉरी.'

काही उत्तर नाही. थांबू नका.